बिशपचं पोट

बिशप रोज सकाळी वर्लीनच्या फाटकाशी अडून बसायचा. बिशप म्हणजे सिल्बर्टचा शर्यतीचा बोकड. समुद्रात पोहवून परत आणताना तो नेमका इथंच चारी पाय रोवायचा. दोरीचं दुसरं टोक हातात असल्यामुळे सिल्बर्टलाही थांबणं भाग होतं. मग काय, बोकडाच्या निमित्तानं माणसं बोलत उभी.

वर्लीनला तेच हवं होतं. वीस वर्षांचा संसार टोरोंटोच्या बर्फात सोडून ती टोबॅगोला, आपल्या टँटीच्या, म्हणजे मावशीच्या, घरी परतली होती. नारळाचा पाव भाजून विकायची, आणि ‘पुरुषाचं नाव काढू नका माझ्यापुढे’ असं साऱ्या गावाला बजावून मोकळी झाली होती. पण सिल्बर्ट पन्नाशीचा विधुर, हसला की डोळे मिटायचे त्याचे. तो आणखी पाच मिनिटं थांबावा म्हणून तिनं एक दिवस हात पाठीमागे नेऊन, कुंपणाच्या फटीतून, बिशपला पावाचा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी दोन दिले. महिन्याभरात बिशप अख्खा पाव हाणू लागला.

ईस्टरच्या मंगळवारची शर्यत आठवड्यावर आली, तेव्हा सिल्बर्टचं तोंड उतरलेलं होतं.

"दाणे बंद केले, तरी ह्याचं पोट सुटतंच आहे. हवा खाऊन फुगतोय की काय?"

"अंगकाठीच तशी असेल एखाद्याची," वर्लीन म्हणाली. तिच्या पाठीमागे अंगकाठी मचमच चघळत होती.

"यंदा हरलो तर बोकडं विकणार आणि त्रिनिदादला भावाकडे जाणार. गोदीत काम आहे म्हणतो. इथं माझ्यावाचून अडलंय तरी कोणाचं?"

तो गेल्यावर टँटीनं खिडकीतूनच तोफ डागली. "शाबास गं बाई! अडवायला निघालीस आणि गावाबाहेर घालवतेयस त्याला!"

वर्लीननं त्याच दिवशी पाव बंद केला. बिशपनं सराव बंद केला. तिसऱ्या दिवशी तर त्याला पळवणारा गडीच दोरी टाकून निघून गेला. "हा पळत नाही, उपोषण करतो," म्हणाला.

शेवटी वर्लीन सिल्बर्टच्या दारात जाऊन उभी राहिली. "बिशपचा दोष नाही. पाव मी चारत होते."

"तू? कशासाठी?"

"तो थांबला की तू थांबायचास म्हणून." आता लाज सोडलीच होती. "तू जाऊ नयेस असं वाटतं मला."

सिल्बर्ट कानापर्यंत लाल झाला, काहीतरी पुटपुटला आणि गोठ्यात शिरला. तो बाहेर येईना, तेव्हा वर्लीन रडत घरी आली.

मंगळवारी स्वतः सिल्बर्टच अनवाणी, पांढरी अर्धी चड्डी घालून बोकडामागे उभा होता. पळायचं बोकडानं, मागून दोरी धरून धावायचं माणसानं, आणि दोरी सुटली की बाद. इशारा झाला. पाच बोकड सुटले. बिशप उभाच. लोक पोट धरून हसू लागले.

टँटीनं वर्लीनला कोपरानं ढोसलं. "तुझ्यापायी अडलाय, तूच हलव!"

वर्लीन लोकांना ढकलत शेवटच्या रेषेपलीकडे पोचली आणि रोज सकाळी मारायची तशी हाक मारली, "बिशप! ये रे माझ्या राजा!"

बिशपचे कान उभे राहिले, आणि मग तो जो सुटला! पहिल्याच हिसक्याला सिल्बर्ट पालथा पडला, पण दोरी सोडली नाही. पोटावर घसरत, गवत खात, सगळ्या गावासमोर त्यानं मैदान पार केलं. चार बोकड मागे पडले, पाचवाही पडला, आणि बिशपनं दाढीभर अंतरानं रेषा ओलांडून थेट वर्लीनच्या पोटात डोकं खुपसलं. गावानं एकच जल्लोष केला.

ती सिल्बर्टपाशी खाली बसली. "फार लागलं? रागावलायस अजून?"

"रागावू कशाला?" त्यानं तोंडातलं गवत थुंकलं. "मुळात तो तुझ्याच फाटकाशी का थांबायचा, विचार केलायस कधी?"

"का?"

"रोज पहाटे येऊन तुझ्या फाटकाच्या खांबाला मीठ चोळायचो मी. चाटायला थांबायचा."

"आणि मी मेलीनं रडून रडून डोळे सुजवले! त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"लाज वाटली." त्यानं मान खाली घातली. "पण आज सकाळीही चोळून आलोय."

वर्लीननं साऱ्या गावादेखत त्याचा मातीनं माखलेला चेहरा दोन्ही हातांत धरला. पुरुषाचं नाव न काढण्याबद्दल तिला त्यानंतर कोणी विचारलं नाही.