टाकीतला ट्रॉम्बोन

बँडमास्तरांनी शनिवारी सकाळी इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत स्पीकर सोडला, तेव्हा तो दोनदा साबणाने धुतलेला होता. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे याच मुद्द्यावर फार आरडाओरडा झाला आणि मास्तरांचं म्हणणं कोणी ऐकूनच घेतलं नाही.

तसं कोणी ऐकून न घेणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. अठरा वर्षं ते शाळेत बँड शिकवत होते आणि अठरा वर्षं मुलं त्यांच्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघत होती. पाहुण्यांच्या स्वागताची धून पाहुणे खुर्चीत बसले की निम्म्यात थांबवली जाई. घरी ट्रॉम्बोन ओठाला लावला की बायको शांतपणे उठून मिक्सर सुरू करी, मग आत वाटायला काही असो वा नसो. आपण वाजवतोय आणि समोरचा शेवटपर्यंत ऐकतोय, एवढंच मास्तरांना आयुष्यात एकदा बघायचं होतं.

म्हणून समुद्रसंशोधन संस्थेची जाहिरात आली तेव्हा त्यांनी झडप घातली. संस्थेला संगीतातून देवमाशांशी बोलायचं होतं. वादकांनी आपलं वादन शनिवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचं, रविवारी ते बोटीवरून पाण्याखाली वाजवायचं, आणि ज्याच्या वादनाला देवमासा उत्तर देईल त्याला वर्षभर बोटीवर नेमायचं, असं ठरलं होतं. सरावासाठी संस्थेने पाण्यात चालणारा एक स्पीकर आणि एक माइकही पाठवला होता.

"पण त्याला ऐकू येतं का?" बायकोने विचारलं.

"मैलोन् मैल लांबचं येतं!"

"बिचारा," ती म्हणाली आणि दातांच्या दवाखान्यात कामाला निघून गेली.

मास्तरांनी आधी बादलीत प्रयोग केला. बादलीत ट्रॉम्बोन बेडकासारखा वाजला. समुद्राचा भास व्हायचा तर खोल पाणी हवं, आणि एवढं खोल पाणी आसपास एकाच ठिकाणी होतं. मास्तरांनी टाकीचं झाकण उघडलं, स्पीकर आणि माइक आत सोडले, शाळेतला एक माइक ट्रॉम्बोनपुढे ठेवून स्पीकरला जोडला, कानांवर मोठे हेडफोन चढवले, रेकॉर्डिंग चालू केलं आणि डोळे मिटून वाजवायला सुरुवात केली. त्यांच्या कानात साक्षात महासागर भरला.

टाकीतून पाणी कुठे कुठे जातं, याचा विचार मात्र त्यांच्या डोक्यात आला नाही.

चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी शॉवर सोडला आणि शॉवर त्यांच्याकडे बघून हुंदके देऊ लागला. आजोबा टॉवेलवर जिन्यात आले. जिन्यात आधीच तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ दोन मिनिटं विव्हळत होता आणि बंद केला की जास्तच विव्हळत होता. दुसऱ्या मजल्यावर फ्लशने असा काही सूर लावला होता, की आतला माणूस बाहेर यायला आणि बाहेरचा आत जायला तयार नव्हता.

सोसायटीच्या सेक्रेटरीबाई हातावर हात धरून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेजारच्या इमारतीत प्लंबर आल्याचं त्यांना कळलं होतं. त्या तशाच गेल्या आणि त्याला दुसऱ्याच्या मोरीतून अक्षरशः उचलून घेऊन आल्या.

प्लंबरने नळाला कान लावला आणि डोळे बारीक केले. "हवा धरलीय."

"हवा रडते का?" काकूंनी विचारलं.

"जुनी हवा असली की रडते."

प्लंबरने पाना काढला आणि तळमजल्यापासून पाइप ठोकत निघाला. त्याची एक पद्धत होती. आधी दोन टोले, मग थांबून कान द्यायचा, मग तीन झपझप, मग जरा खाली सरकून एक सणसणीत. प्रत्येक मजल्यावर तो हे सगळं मन लावून करी आणि मान हलवून म्हणे, "वर आहे." सगळी इमारत त्याच्या मागोमाग एकेक मजला वर चढत होती.

मास्तरांची धून सहा मिनिटांची होती. ती संपवून ते धन्य होऊन डोळे मिटून तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या खांद्याला पाना टेकला. डोळे उघडले तर समोर अख्खी सोसायटी आणि तिच्या अग्रभागी टॉवेलवरचे आजोबा.

"ही बघा हवा," प्लंबर म्हणाला.

"पिण्याच्या पाण्यात?" सेक्रेटरीबाई किंचाळल्या.

"मी दोनदा साबणाने—"

पण ते आधी सांगून झालंच आहे. त्या गदारोळात बारा वाजायला दोन मिनिटं उरली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. पुन्हा ऐकायला वेळ कुठला? ओरडा खात खातच त्यांनी होतं तसं ते संस्थेला पाठवून दिलं.

रविवारी बोटीवर पहिल्या दोन वादकांचं वादन झालं. देवमासा लांबवर काळ्या फळीसारखा तरंगत होता आणि त्याचं लक्ष नव्हतं. मग मास्तरांचा ट्रॉम्बोन पाण्याखाली घुमू लागला. एक मिनिट गेलं, तीन गेली. पाचव्या मिनिटाला देवमाशाने पाठ फिरवली. मास्तरांना वाटलं, आता याने कुठूनतरी मिक्सर काढू नये म्हणजे मिळवली. त्यांना खरोखर रडू येत होतं.

धून संपली. आणि मग पाण्याखाली वाजलं: टण् टण्. टण-टण-टण. टणण्!

देवमासा गर्रकन वळला आणि थेट बोटीच्या दिशेने आला. पाण्यातल्या माइकमधून त्याचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं. टक् टक्. टक-टक-टक. टक्क!

बोटीवर एकच जल्लोष झाला. संस्थेच्या संशोधकबाईंनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. "काय विचार आहे हो! आधी सहा मिनिटं मुद्दाम कंटाळा आणायचा, आणि मग हे!"

मास्तरांनी त्या टोल्यांमागचा पाना ओळखला होता. पण अठरा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचे हात धरले होते. ते म्हणाले, "प्रयत्न असतो."

"आता हेच समोर वाजवा. प्रत्यक्ष!"

झालं! करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मास्तरांनी चमचा घेतला आणि बोटीच्या लोखंडी पायरीवर ठोकला. देवमाशाने क्षणभर ऐकलं, मग शेपटी उचलली आणि बोटीवरच्या सगळ्यांना नखशिखांत भिजवून तो खाली गेला.

"काय झालं? रुसला?" बाईंनी केस पिळत विचारलं.

मास्तरांना खोटं फार वेळ पेलत नसे. "ते माझं नाही," ते खाली मान घालून म्हणाले. "आमच्याकडे पाइप ठोकायला आलेल्या प्लंबरचं आहे."

बाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. पण बाईंनी फक्त फोन पुढे केला. "लावा त्याला."

मास्तरांनी सेक्रेटरीबाईंकडून नंबर मिळवला आणि फोन लावला. देवमाशाचं नाव ऐकून प्लंबर जराही बिचकला नाही.

"कितव्या मजल्यावर आहे?"

"मजला नाही हो, समुद्रात आहे!"

"म्हणजे तळमजला. येतो. मंगळवारी सकाळी, दहाच्या आत."

मंगळवारी सकाळी बोट धक्क्याला लावून सगळे थांबले. प्लंबर आला नाही. दुपारी त्याने कळवलं की एकीकडे अडकलोय, उद्या नक्की. उद्या त्याचा फोन बंद होता. शुक्रवारी तो "निघालोच" म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो दोनदा वाटेत होता आणि एकदा सामान आणायला गेला होता. तिकडे देवमासा रोज ठरलेल्या वेळी येऊन टक् टक् करी, उत्तराची वाट बघे आणि कोणी काही बोललं नाही की निघू लागे.

"याला धरून ठेवायला हवा," संशोधकबाई म्हणाल्या. "प्लंबर येईपर्यंत काहीतरी वाजतं ठेवा. काहीही चालेल."

मग मास्तरांनी ट्रॉम्बोन उचलला. देवमाशाचा नाइलाज होता, कारण प्लंबर कधीही येईल या आशेमुळे जायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी त्याने अख्खी धून ऐकली. दुसऱ्या दिवशीही, आणि तीही एका जागी, डोळा वर करून. महिनाअखेरीस संस्थेने मास्तरांना प्लंबर येईपर्यंत बोटीवर नेमल्याचं पत्र दिलं आणि घरी बायकोने मिक्सर पुसून कपाटात ठेवला.

पाचव्या महिन्यात एका सकाळी, मास्तर ऐन रंगात वाजवत असताना फोन खणखणला.

"मास्तर, आज मोकळा आहे मी," प्लंबर म्हणाला. "लगेच निघू का?"

मास्तरांनी समोर पाहिलं. देवमासा निश्चल तरंगत ऐकत होता. धून अजून निम्मी बाकी होती.

"अहो, कसली घाई आहे!" मास्तर हळूच म्हणाले. "सवडीने या."