बिनशेवटाच्या मुलुखगिरीची बखर

श्रीगणेशास नमन, आणि काळोखात विजेरीने खुर्ची दाखविणाऱ्या पुण्यपुरुषास दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, श्रावणमासी, दोन टेकड्यांमधील एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, तेथे राजश्री अच्युतराव नामे थोर पुरुष राज्य करीत होते. राज्य म्हणजे चार इमारती, एक दूधकेंद्र आणि एक चित्रगृह. तलवार त्यांनी कधी धरिली नाही, परंतु नवे चित्र लागले की स्कूटरीवर स्वार व्हावे, आणि पाठीशी राणीसाहेब मंदाकिनीबाई यांस घेऊन कूच करावे, आणि मक्याच्या लाह्यांची रसद घ्यावी, आणि मग रविवारी दूधकेंद्रापाशी दरबार भरवून मत द्यावे, ऐसा रिवाज होता. त्यांचे मतावाचून रयत तिकीट काढीत नसे.

परंतु रावांस एक खोड होती. लग्नाआधी एके उन्हाळ्यात चित्र सुटल्यावर वाहनतळी मोटारींचा वेढा पडला आणि रावांची स्कूटर मध्ये कोंडली, पाचावर धारण बसली. तेव्हा प्रतिज्ञा केली की यापुढे गर्दीच्या आधी निघावयाचे. मग पडद्यावर सारी पात्रे एके ठायी जमून ढोल वाजू लागले की रावांनी हेल्मेट काखेत मारावे आणि "ऊठ, गर्दी होईल" म्हणावे, आणि राणीसाहेबांनी मुकाट पर्स उचलावी. ऐसे करिता लग्नापासून उभयतांनी एकाही चित्राचा शेवट पाहिला नाही. रावांस त्याची खंत नव्हती. राणीसाहेबांस होती, आणि बहुत होती. एकदा तरी शेवट पाहावा, इतकेच त्यांचे मागणे, पण ते त्यांनी कधी बोलून दाखविले नाही.

त्या मासी रावांनी प्रथम एक खुनाचे चित्र पाहिले आणि दरबारात बोलिले, "खुनी सापडतच नाही. दिग्दर्शक धीट आहे, जग आहे तसं दाखवलंय." रयतेने माना डोलाविल्या. मग प्रेमाचे चित्र पाहिले आणि बोलिले, "नायक विमानतळावर धावतो आणि धावतच राहतो. पोचणं महत्त्वाचं नाही हो, धावणं महत्त्वाचं." यावर दूधवाल्याचेही डोळे पाणावले. परंतु तळमजल्याचे नारोपंत शंकेखोर गृहस्थ. ते खुनाचे चित्र पाहून आले आणि बोलिले, "राव, खुनी सापडला की. मामाच निघाला. बेड्या घालून नेला." तेव्हा राव किंचितही न डगमगता बोलिले, "तो तुकडा मागाहून जोडला असेल, तुमच्यासारख्यांसाठी." नारोपंत दुधाची पिशवी घेऊन घरी गेले.

मग तिसरे चित्र लागले. लहानपणी जत्रेत ताटातूट जाहलेल्या दोन बहिणी, दोघी म्हाताऱ्या जाहल्या, एक घाटाच्या पायरीवर बसली आहे आणि दुसरीची एसटी वळणावर दिसते आहे, तों ढोल वाजू लागले आणि रावांनी हेल्मेट काखेत मारिले. "ऊठ, गर्दी होईल." राणीसाहेबांनी पर्स उचलिली नाही. पडद्यावरची नजर न काढिता बोलिल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी बसतेय." राव दोन पावले गेले, वळोन पाहिले, आणि रिवाजापुढे इलाज नाही म्हणोन बाहेर निघाले. स्कूटर सर्वांआधी काढिली, फाटकात उभी केली, आणि वाट पाहात राहिले. तों मागोन मोटारी आल्या आणि फाटक अडविले म्हणोन भोंगे वाजवू लागल्या आणि रावांची बहुत बेअब्रू जाहली. सरतेशेवटी राणीसाहेब आल्या, नाक लाल, डोळे सुजलेले, एका अनोळखी बाईचा हात धरून हसत होत्या. राव बोलिले, "भेटल्या का गं?" राणीसाहेब मागे बसोन बोलिल्या, "गवार आहे घरी. तीच करते."

रविवारी दरबार भरला. रावांनी आरंभ केला, "बहिणी भेटत नाहीत. कारण आयुष्यात..." तों शेजारी दुधाची पिशवी घेऊन उभ्या राणीसाहेबांनी तोंडास पदर लाविला. रावांचे वाक्य अर्धेच राहिले. नारोपंत बोलिले, "वहिनी, तुम्ही सांगा." राणीसाहेब बोलिल्या, "मी कशाला? ह्यांनी शेवट पाहिलाय ना." आणि घरी गेल्या. त्या दिवशी रावांस जेवण गोड लागले नाही.

दुसरे दिवशी दुपारी राव कोणास न सांगता एकटेच चित्रगृही गेले, आणि ढोल वाजले तरी उठले नाहीत, आणि नावे सरकून संपली, दिवे लागले, झाडूवाली पायाशी आली तरी उठले नाहीत. वाहनतळी स्कूटर पुन्हा कोंडली. त्याची त्यांस शुद्ध नव्हती. घरी येऊन उंबऱ्याशी बूट काढीत बसले. राणीसाहेबांनी पाणी दिल्हे आणि पुसिले, "भेटल्या?"

"भेटल्या," राव बोलिले, आणि काढिलेला बूट पुन्हा पायात घातला. मग बोलिले, "अगं, इतकी वर्षं ती सगळी चित्रं अर्धीच... तुला कसं चैन पडायचं?"

"न पडून काय करते? तुम्ही गाडी चालवायचात, मी मागे बसून शेवट करायची. घर येईपर्यंत होऊन जायचा."

राव बहुत खजील जाहले. मग हलकेच बोलिले, "तो विमानतळावरचा... पोचला?"

"पोचला हो," राणीसाहेब बोलिल्या. "मी विमान थांबवून धरलं होतं."

एवंच, दरबार पुढे भरत राहिला, परंतु मत राणीसाहेब देऊ लागल्या आणि राव दुधाची पिशवी धरून उभे राहू लागले. स्कूटर दर खेपेस कोंडते. वर्तमान घडले तैसे लिहिले आहे.