व्याह्याले शीग लावून कोयनेल

अमरावतीच्या बजारात माह्या हातचं माप कधी सपाट गेलं, असं कोनी दाखवून द्यावं, मी भर चौकात मिशी उतरवून देतो! मी सहदेव मापारी. पायलीनं ज्वारी मोजनं हा माहा धंदा. पायली काठोकाठ भरली की बाकीचे थांबतात. मी नाई थांबत! वरून ओंजळ ओततो, दाने चारी बाजूनं घरंगळून खाली पडले पायजे, तवा ती शीग! सातासमुद्रापल्याड कुठंशी लढाई लागली, कापसाचा भाव आभाळाले भिडला, वऱ्हाडात जो तो कापूसच पेरून राहिला, अन् ज्वारी झाली महाग. तवापासून बाकीचे मापारी पायलीवर फळी फिरवून माप सपाट करतात. मी म्हनलं, जा खड्ड्यात! सहदेवच्या मापाले शीग राहीनच.

आता त्या कोयनेलपायी, म्हन्जे हिवतापाच्या दवेपायी, लोक माह्या मागं फिदीफिदी हासतात. हासू द्या! पन आधी माही बाजू ऐका.

आमच्या जमुनेसाठी तेल्हाऱ्याचं स्थळ आलं. पोराचे वडील भगवंतराव, मानूस सज्जन, पन भलता संशयी. त्याईच्या पुतन्यानं पोरगी नुसती पाहून पसंत केली, लग्न लागलं, अन् मंग समजलं की ती मुकी आहे. तवापासून त्याईचं एकच म्हननं, "मी पोरीचं बोलनं माह्या कानानं ऐकीन, तवाच सुपारी फोडीन."

मी म्हनलं, खुशाल ऐका! आमची जमुना अंगनात बोलली तर बडनेऱ्यात ऐकू जाते.

मंगळवारी भगवंतराव बैलबंडीतून उतरले ते थरथर कापतच. हिवताप! तीन वाकळी टाकल्या तरी दात वाजतच होते. सुपारी गुरुवारी सांजच्याले. मी धावलो सरकारी दवाखान्यात. तिथले कंपौंडर अब्दुल रहीम, जुने ओळखीचे. त्याईनं पांढऱ्या भुकटीची शिशी देली अन् पत्र्याचं चिमुकलं माप.

"हे कोयनेल. सकाळ, दुपार, सांज, एकेक माप. उपाशी पोटी नाई. अन् कान वाजाले लागले की दवा बंद, मले बोलवायचं. समजलं?"

"रहीमभाई, मापाचं तुमी मले सांगता? मले?"

घरी येऊन माप पाहिलं. चिंचोक्याएवढं! अन् समोर कोन? व्याही! व्याह्याले सपाट माप देऊ? गावात तोंड दाखवू कसं? मी भरलं, वर शीग लावली, अन् पाहुन्याचा मान म्हनून वरून अजून एक चिमूट. गुळात कालवून देलं.

आमची घरवाली गोदाबाई म्हनते, "अवो, त्याईनं एक माप सांगतलं न?"

"मंग एकच तर देऊन राहिलो! शीगेचं आहे, एवढंच."

बुधवार तसाच गेला, तिन्ही वेळा शीग. गुरुवारी सकाळी ताप गायब! मी मिशीले पीळ देला. अन् पुन्हा एक माप देलं, ताप परत फिरू नये म्हनून.

दुपारी भगवंतराव उठून बसले. "सहदेवराव, बंड्या कोनाच्या आल्या? घुंगरं वाजून राहिले."

बाहेर पाहिलं. रस्त्यावर कुत्रंबी नाई!

"नीट पाहा! दहा-बारा जोड्या असतील!"

तीनदा गेलो, तीनदा आलो. गोदाबाई म्हनते, "अवो, कान वाजले तर बंद करा म्हने न रहीमभाई?"

"त्याईचे कान कुठं वाजून राहिले? त्याईले घुंगरं ऐकू येऊन राहिले! सुपारीच्या दिवशी घुंगरं म्हन्जे शकून आहे, शकून!" अन् त्या आनंदात दुपारचं माप जरा उंच शीगेचं देलं.

सांजच्याले पंच जमले. नत्थुजी पाटील मधात बसले. जमुना पाटावर येऊन बसली.

भगवंतरावांनी विचारलं, "पोरी, नाव काय तुह्यं?"

"जमुना."

"लाजू नको. बोल."

"जमुना सहदेव मापारी!"

"अवं, बोल न माय, घाबरतं कायले?"

जमुनेनं नाव सांगतलं, मामाचं गाव सांगतलं, मंग तर अशी ओरडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. भगवंतराव नुसते तिच्या ओठांकडं पाहून राहिले. मंग ताडकन उठले.

"नुसतं तोंड हालवते! हेबी मुकी! मले फसवून राहिले! बंडी जुंपा!"

"मी मुकी?" जमुना उठली. "मी?" अन् पुढं ती जे बोलली, ते ऐकून पाटलानं स्वतःचे कान झाकले. भगवंतरावाले काई फरक नाई! गोदाबाईनं पदर डोळ्याले लावला. हातातलं स्थळ डोळ्यांदेखत चाललं होतं. मी अनवानी धावलो दवाखान्याकडं.

रहीमभाई आले. शिशी पाहिली, अर्धीच्या खाली!

"किती देलं?"

"एकेक माप!"

"भरून दाखव."

मी भरलं. शीग लावली. वरून चिमूट.

रहीमभाईनं कपाळावर हात मारला. "अरे सहदेव, ये ज्वारी है क्या? दवाले शीग नसते! जादा दवा म्हन्जे जादा मान नाई, जहर आहे जहर!"

त्याईनं पितळी परात अन् पळी मागवली अन् भगवंतरावाच्या पाठीमागं दनकन वाजवली. पंच दचकले. भगवंतराव हालले नाईत! मंग समोर जाऊन वाजवली. पळी परातीवर पडते हे त्याईनं डोळ्यानं पाहिलं, अन् आवाज काई आला नाई. सगळा राग उतरला. बारीक आवाजात म्हनाले, "मी बहिरा झालो का हो?"

तवा मातर मी मिशीवरचा हात खाली घेतला. खोटं कायले बोलू!

रहीमभाईनं शिशी खिशात घातली, हातवारे करून त्याईले समजावलं की कान परत येतील, दोन दिवस थांबा. अन् मले म्हनाले, "कानावरच निभावलं, अल्लाचे आभार मान. याच्यानं मानूस जाते."

शुक्रवार मी त्याईच्या पायथ्याशी पेज घेऊन काढला. शनिवारी सकाळी जमुनेनं मले चुलीजवळ गाठलं.

"बाबा, बजारात लावा न शीग, मानसाच्या पोटात कायले लावता? सांगतलं तेवढं द्यायचं, सांगतलं तवा द्यायचं, कान वाजले की थांबायचं! एवढं सोपं! पन नाई! तुमची मिशी आडवी येते! पाहुन्याचा जीव घेतला असता तुमी, जीव!"

अशी ती घटकाभर बोलत होती. मी मान वर केली, तर दारात भगवंतराव! डोळ्यांत पानी अन् तोंडभर हासू.

"ऐकू येऊन राहिलं! सारं ऐकू येऊन राहिलं!"

जमुना तरीबी थांबली नाई. आनखी थोड्या वेळानं तेच हात जोडून म्हनाले, "पोरी, पटलं मले. आता बस कर न माय."

त्याच दिवशी सुपारी फुटली! गोदाबाईनं साखरेचं पानी केलं. मी मोठ्या मानानं पेला पुढं केला. भगवंतरावांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"पोरगी घेतली, सहदेवराव, आनंदानं घेतली. पन तुमच्या घरी मी या जन्मात पान्याचा घोटबी घेनार नाई."

मुलीचा बाप लेकीच्या सासरी पानी पेत नाई, हे सारेच जानतात. मुलाचा बाप मुलीच्या माहेरी पानी पेत नाई, हा रिवाज वऱ्हाडात माह्यापासून सुरू झाला. आहे कोनाची हिंमत असं नाव कमवाची?