सात कुलपांची बाडी

हमीदभाऊंच्या घरामागच्या बाडीला सात कुलपं होती आणि आत होती वांगी. वडशाच्या बाजारात कुलपं दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण या माणसाचा कुलपांवर काडीचा विश्वास नव्हता. "गुरुजी, भरोसा कुलपावर बी नाई अन् मानसावर बी नाई," असं ते दिवसातून दहादा म्हणत, आणि म्हणताना माझ्या पिशवीकडे बघत.

ओळख झाली तीही कुलपामुळेच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे सकाळच्या शाळेत मास्तर होतो. राइसमिलमागे माडीवर दोन खोल्या. बायको शेतकऱ्याची लेक. हाताशी माती नाही म्हणून तेलाच्या डब्यांत मेथी लावायची. आमचं कुलूप दुरुस्त करायला आलेल्या हमीदभाऊंनी ते डबे पाहिले.

"बाई, मेथीले जेलात काऊन टाकलं? माह्या बाडीत या. दोन वाफे तुमचे."

"घ्याल काय त्याचं?" मी विचारलं.

"काई नाई."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. निवडणुकीखेरीज कुणी काही फुकट दिलेलं मी पाहिलेलं नव्हतं. बायकोनं मात्र त्याच दिवशी वांग्याची रोपं आणली.

बाडीत आम्हाला धरून अंगण नसलेल्या सहा बिऱ्हाडांचे वाफे. फाटकाच्या साखळीत सात कुलपं एकात एक अडकवलेली. सहा आमची, एक त्यांचं. आपलं उघडलं की फाटक उघडायचं. शिवाय प्रत्येकाची वेळ ठरलेली. आमची चार ते पाच. "बाकीचे लोक बरे नाईत," हमीदभाऊ हळूच सांगत. "त्याइच्या टायमात येऊ नका. वांगे मोजून ठेवत जा."

स्वतः बाजेवर बसून आमच्यावर पाळत. पाच मिनिटं उशीर झाला की, "कुठी होते?" मग पुढची चौकशी. आज भाजी कोणती, फोडणीत लसूण घालता का, सासऱ्यांचा गुडघा कसा आहे. चोर धरायला सासऱ्यांचा गुडघा कशाला लागतो ते मला कळेना. पाणी कुठेतरी मुरत होतं. जागेवर भाऊबंदांचा दावा असणार आणि आम्हाला कब्जेदार म्हणून उभं करणार, असा शोध मी लावला. बायको म्हणाली, "तुमी मेथी खा अन् चूप राहा."

एका रविवारी तिला माहेरी जायचं होतं, म्हणून आम्ही सकाळीच बाडीत गेलो. आत शांताबाई, रेल्वेतल्या खलाशाची बायको, पालक खुडत होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी टोपली पदराखाली घेतली.

"तुमीच का ते वांगेवाले? तुमच्यापासून सांभाळून राहा म्हनते हमीदभाऊ."

मास्तराला चोर म्हणतो! माझं डोकं फिरलं. चावी परत करतो म्हणालो. वांगी ऐन तोडणीला आलीत, इतक्या हौसेची बाडी घालवू नका, म्हणून बायको काकुळतीला आली. मी ऐकलं नाही. तिची गाडी सुटली आणि दुपारी दोनला मी बाडीत पोचलो. हमीदभाऊ एकटेच बाजेवर होते, फाटकाकडे तोंड करून.

"तुमचा टाइम चारचा हाये," ते म्हणाले.

मी चावी त्यांच्या हातात ठेवली. "आम्हाला एकमेकांत चोर ठरवून तुम्हाला मिळतं काय?"

त्यांनी चावी लुंगीला पुसली. बराच वेळ पुसली.

"चोर कोनीच नाई, गुरुजी. या बाडीतून कधी मिरची बी गेली नाई. पन साही घरचे एका टायमाले आले तं आपसात बोलतीन, अन् घंट्याभरात निघून जातीन. माही बायको होती तवा दिवसभर तिची बडबड आयकू ये. आता एक गेला का दुसरा यावा, एवढंच."

मला माझीच लाज वाटली. इतके महिने मी त्या माणसाच्या पोटात काय काय शोधलं होतं. मी विचारलं, "दोन ते चार कोण येतं?"

"कोनी नाई. तो टाइम लय लांब जाते."

चावी मी त्यांच्या हातातून काढून घेतली. शाळा माझी बाराला सुटायची, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून दोन ते चार मी घेतले. मेथी आणि गवत यांतला फरक मला कळत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. वाफ्याला हात लावायची मनाई केली, आणि बाजेवर सरकून जागा दिली.