खोडरबराला बंदी

ड्रॉइंगच्या सरांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. रेघ चुकली तर चुकली, तिचंच काहीतरी करा, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा कायदा. त्यामुळे तिसरीच्या वह्यांमध्ये वाकड्या खुर्चीचा उंट व्हायचा आणि शाईच्या डागाला पाय फुटायचे. हा कायदा मनापासून नावडणारी वर्गात एकच मुलगी होती, पहिल्या बाकावरची. तिचं सगळं इतकं नेटकं, की सर तिला टापटीपच म्हणत. ती दर आठवड्याला खोडरबराची परवानगी मागायची आणि सर दर आठवड्याला नाही म्हणायचे.

अशात शाळेत तीस टॅब्लेट आले, आणि त्यांच्यावरचं सगळ्यांना दिसावं म्हणून वर्गाच्या भिंतीवर मोठा पडदा. बोटाने काढायचं, बोटानेच रंगवायचं, आणि वर खोडायला खास बटण! सरांनी कपाळाला हात लावला. पण मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं होतं, की गुरुवारी वरचे साहेब तपासणीला येणार. टॅब्लेटवरचा तास जमला तर ठीक, नाहीतर तो तास गणिताकडे जाईल. गणिताचे सर टपूनच बसले होते. चित्रकलेचा आठवड्यात तेवढा एकच तास होता, आणि सरांचा सगळा जीव त्यात होता.

गुरुवारी सरांनी टापटीपच्या बाकाशी उभं राहून आपल्या टॅब्लेटवर एक-दोन बटणं दाबली, मग घाबरून आणखी दोन दाबली, आणि मनाला येईल ते काढा असं सांगून ते मोकळे झाले. दोन मिनिटं वर्ग चिडीचूप. सरांना हायसं वाटलं.

"सर, माझ्या स्वयंपाकघरातून हत्ती चाललाय," मागून एकजण म्हणाला.

"हत्ती माझाय," खिडकीजवळचा म्हणाला. "पण त्याच्या पाठीला शिडी कुणी लावली?"

सरांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. सगळेच्या सगळे एकाच पानावर येऊन धडकले होते. कुणाची होडी कुणाच्या गच्चीवर, कुणाचा सूर्य कुणाच्या बादलीत. टापटीपच्या सरळसोट घरावरून एक लांब रेघ आरपार गेली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. एकाने खोडायचं बटण दाबलं, तर तिघांची झाडं गायब झाली. ती परत आणायला सरांनी एक बटण दाबलं, तर होडीही गेली. वर्गात रडारड सुरू झाली.

"कुणी काही खोडायचं नाही," सर सवयीने ओरडले. "आहे त्याचंच काहीतरी करा!"

हे काम मात्र पोरांच्या हातातलं होतं. शिडीची जिराफाची मान झाली. बादलीतल्या सूर्याला कुणीतरी आंघोळ घातली. टापटीपने बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं, मग डोळे पुसून तिच्यावर मोजे वाळत घातले, सगळे एका मापाचे.

तेवढ्यात बाईंबरोबर साहेब आत आले. चित्र कुणाचं, असं त्यांनी विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात "आमचं" म्हणाला. साहेबांनी टापटीपचा टॅब्लेट हातात घेतला, बोट घसरलं आणि एक जाडजूड रेघ हत्तीच्या मागून कोपऱ्यापर्यंत गेली. ते ओशाळून खोडायचं बटण शोधू लागले.

"खोडायचं नाही, साहेब," टापटीप म्हणाली. "शेपूट करा त्याचं."

सर तिला थांबवायला पुढे झाले. पण साहेब खाली बसले, जीभ बाहेर काढून त्यांनी शेपटीला गोंडा काढला, मग जिराफाला मिशा. तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांची तपासणीची फाईल उघडलेली नव्हती.

सोमवारी पत्र आलं. पद्धत उत्तम, गणिताचा एक तासही चित्रकलेला द्यावा. सर आनंदाने पुढे वाचू लागले. पुढच्या महिन्यात त्यांनी चाळीस शाळांच्या शिक्षकांना हीच पद्धत शिकवायची होती, अगदी पहिल्या बटणापासून.

सरांनी दोन दिवस असतील नसतील ती सगळी बटणं दाबून पाहिली, पण सगळे टॅब्लेट काही एका पानावर येईनात. शेवटी ते पहिल्या बाकाशी येऊन हळूच म्हणाले, "मी त्या दिवशी नक्की काय दाबलं होतं गं?"

"मला पाठ आहे," टापटीप म्हणाली. तिने कंपासपेटी उघडली आणि वेष्टनातला कोरा खोडरबर काढून बाकावर ठेवला.

सरांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"फक्त कोपऱ्यातलं खोडायचं," ते म्हणाले. "आणि मागच्या बाकांना दिसता कामा नये."