आधी कॅलिब्रेशन, मग ताप

किर्तीचं कपाळ मायाला गरम लागलं आणि तिने सगळं घर गोळा केलं. दहा महिन्यांचं लेकरू, बोलून सांगणार थोडंच!

तिच्या सासूबाई ठमाबाई वांगणीहून चिखलोलीच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या. त्यांनी नातीला हात लावून पाहिला. "काय नाय झालंय पोरीला. तूच घाबरट."

शुक्रवार, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे नवरा घरात होता. (तेच नडलं.) जितेश अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनियर. तिथले सगळे मीटर खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं हेच त्याचं काम.

"हातावर भरवसा ठेवायचा नसतो," असं म्हणत त्याने कपाटातून थर्मामीटर काढला. माया किर्तीचं झबलं सोडून तयार बसली, तर हा चालला स्वयंपाकघरात.

"अहो, पोरगी इकडे आहे!"

"आधी कॅलिब्रेशन. एकदा बर्फात बघायचं, एकदा उकळत्या पाण्यात. मगच रीडिंग खरं."

बर्फात थर्मामीटरने 'लो' दाखवलं. साहेब खूश. मग चहाच्या पातेल्यात खळखळून पाणी उकळलं आणि माणसाच्या तापापुरता जन्मलेला तो गरीब थर्मामीटर त्यात बुडवला. आकड्यांची पट्टी काळवंडली, आतून एकदा बारीक 'टुंई' झालं, आणि शांत.

"मेला?" ठमाबाईंनी विचारलं.

"रेंजच्या बाहेर गेला, आई."

"म्हंजे मेलाच की रं!"

मायाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला एवढंच हवं होतं, घाबरायचं की नाही ते. "अहो, राहू दे ते यंत्र. मला तोंडाने सांगा, ताप येतो म्हणजे अंगात नक्की काय होतं?"

"टेंपरेचर वाढतं."

"टेंपरेचर म्हणजे काय?"

"थर्मामीटर दाखवतो ते."

"आणि थर्मामीटर काय दाखवतो?"

"टेंप..." जितेश अडखळला. त्याने गॅस बंद केला. "हे होतं गं आम्हाला. परीक्षेत लिहिलं, पासही झालो. आता दिवसभर तेच मोजतो. पण मोजतो ते आहे काय, असं कधी कुणी विचारलंच नाही."

मायाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सातवीत शाळा सुटल्यापासून तिची समजूत होती, की आपल्याला न कळलेलं सगळं पुढच्या इयत्तांमध्ये नीट मांडून ठेवलेलं असणार. आणि आता त्या सगळ्या इयत्ता ओलांडून आलेला माणूस तिच्याइतकाच कोरा चेहरा करून उभा होता. तिला त्याची कीव आली, आणि भीती मात्र दुप्पट झाली.

तिने किर्तीला खांद्यावर टाकलं. "चला डॉक्टरांकडे."

डॉक्टरीणबाईंनी एकदा मोजलं, मायाचं तोंड बघून पुन्हा मोजलं. "नॉर्मल आहे. पितेय, खेळतेय ना? मग झालं तर."

"पण अंग गरम लागतं हो!"

"ताई, जिवंत आहे ती. गरमच लागणार."

जितेशने इतक्या मनापासून मान डोलावली, की डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मायाने किर्तीचं झबलं बांधता बांधता त्याची बाजू सावरली. "त्यांचं काही मनावर घेऊ नका, मॅडम. इंजिनियर आहेत."