‘नाही’ ठाणे काबीज केल्याची हकीकत

श्वास समर्थ. पुढिलांस दाखला राहावा, हल्लीच्यांस अक्कल यावी आणि घरच्यांनी सोयीस्कर विसरू नये, म्हणोन राजश्री व्याकरणमास्तर सरकार यांनी दुर्बळ हृदयानिशीं मोहीम करोन एक शब्द कैसा फत्ते केला, ते यथास्थित लिहिले असे.

ऐसियास, सरकारांनी शाळेत जन्म घालविला आणि क्रियापद वाक्याचे अखेरीस येते, ते आल्याविना अर्थ पुरा होत नाही, ऐसे पोरांचे कान पिळोन शिकविले. पुढे पेन्शनीत हृदयाचा पंप मंदावला, पायांस सूज आली, दम ऐन वेळी फितूर होऊ लागला आणि खासा सरकारांचेच क्रियापद वाटेत गारद होऊ लागले. मग घरच्यांनी त्यांची वाक्ये पुरी करण्याचा मक्ता घेतला. सरकार म्हणत, "मला जरा चहा..." की येऊनजाऊन असणाऱ्या सूनबाई कळवळोन म्हणत, "नको ना? बरोबर आहे, बाबा." आणि कप माघारी कूच करी.

येथवर चहाच गेला. परंतु चिरंजीवांनी मसलत केली की, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हृदय ऐसे. सबब घर विकावे आणि उभयतांस आपल्या फ्लॅटातील मागील खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, नामजाद करावे. सरकारांनी सर्व बळ एकवटोन म्हटले, "मला हे घर विकायचं..." आणि वारा संपला. चिरंजीवांचे डोळे भरोन आले. म्हणाले, "मला माहीत होतं बाबा, तुम्ही समजून घ्याल." दुसरे दिवशी दलाल जिना चढला. बाईसाहेब, म्हणजे सरकारांचे कुटुंब, ओट्याशी भांडी घाशीत होत्या. त्यांजकडे कोणी पाहिले नाही.

ते समयीं डॉक्टरांचे फर्मान सुटले की, हृदय दुर्बळ म्हणोन माणूस गादीवर लोळत ठेवणे हा शुद्ध गाढवपणा असे. औषधे चालू ठेवोन, देखरेखीखाली, झेपेल तितके चालवावे. घरचे हबकले, सूनबाईंनी उशी आणखी एक वाढविली. परंतु सरकार इस्पितळाच्या व्यायामशाळेत दाखल जाहले. तेथील सुभेदार फिजिओथेरपीच्या बाई, वयाने लहान आणि हुकमाच्या कडक. त्यांनी छातीस तारा डकवोन सरकारांस चालत्या पट्ट्यावर चढविले आणि कायदा सांगितला की, चालता चालता बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले तर वेग जास्त जाणावा आणि तत्काळ उतरवावा. सरकारांनी बाईंची पाठ फिरतांच बटण दाबोन वेग चढविला आणि कर्त्यापाशीच शिकस्त खाल्ली; डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाईंनी त्यांस खुर्चीत बसवोन नाडी पाहिली, मग झाडिले, "काका, शर्यत लावलीय का कुणी? पुन्हा असं केलंत तर घरी पाठवीन." सरकारांनी मान खाली घातली.

मग मोहीम सबुरीने चालिली. आधी कर्ता सर जाहला, मग कर्म, मग विशेषणे हस्तगत होत गेली आणि एके दिवशी पट्टा न थांबतां सरकारांच्या मुखातून अखंड वाक्य बाहेर पडले, "बाई, तुमचा हा पंखा कधीच नीट चालत नाही." नकार अखेरीस शाबूत! सरकारांस रडू आले. बाई म्हणाल्या, रडू नका, पंखा दुरुस्त करवून घेते.

पुढे गिऱ्हाईक घर पाहण्यास येणार तो दिवस उजाडला. सरकार व्यायामाहून परतले, तो चिरंजीवांनी त्यांस खुर्चीत बसवोन वर उचलोन नेण्यास जिन्यापाशी दोन हमाल उभे केलेले. सरकारांनी त्यांस बाजूस सारिले आणि कठडा धरोन, प्रत्येक वळणावर मुक्काम करोन, शहाण्यासारखे हळूहळू तिसरा मजला सर केला. आत गिऱ्हाईक पडद्यांची मापे घेत होते. सरकार उंबऱ्यात उभे राहोन बोलिले, "मला हे घर विकायचं नाही."

चिरंजीवांनी सवयीने तोंड उघडिले, परंतु पुरे करण्यास काही उरलेच नव्हते. गिऱ्हाइकाने टेप गुंडाळिली.

सरकार मोठ्या तोऱ्यात बाईसाहेबांकडे वळले. बाईसाहेब पदरास हात पुशीत म्हणाल्या, "मलाही विकायचं नव्हतं. माझा तर दमही शाबूत होता. पण या घरात माझं वाक्य कधी कुणी पुरं होऊ दिलंय?" आणि ‘कुणी’ म्हणतांना त्यांची नजर चिरंजीवांवर नव्हती.

सरकारांपाशी उत्तर तयार होते, वाराही मुबलक होता. परंतु त्यांनी आपली खुर्ची बाईसाहेबांकडे सरकविली आणि म्हणाले, "बोल."

येणेप्रमाणे ‘नाही’ ठाणे फत्ते जाहले आणि घर कायम राहिले. बाईसाहेब दिवेलागणीपर्यंत बोलत होत्या आणि सरकारांनी मध्ये एक शब्द काढिला नाही, तीच मोठी फत्ते जाणोन येथे नमूद केली असे.